विकर्स कुणाच्या ताब्यात?

माझे वडील, आबा, म्हणायचे, “फौजेतली पहिली तेरा वर्षं मी दुसऱ्याच्या लंगरात जेवलो.” लहानपणी मला वाटे, ही जातीची गोष्ट असणार. आमच्या घरातल्या जुन्या गोष्टी फिरून फिरून तिथंच यायच्या. पण ही निघाली वेगळीच. आबा १९५० साली खटाव तालुक्यातून महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि त्या काळी ती मशीनगन रेजिमेंट होती. तिची अख्खी पलटण एकत्र लढायला गेली, असं क्वचितच व्हायचं. एक कंपनी या ब्रिगेडला, दुसरी त्या ब्रिगेडला, आणि तिथून आणखी फुटून दोन-दोन गन कुठल्याशा टेकडीवर बसलेल्या जाटांना नाहीतर डोग्रांना ‘अटॅच’. गन जिथं, तिथंच जेवण. डोग्रांकडचा राजमा, मद्रासी पलटणीतलं सांबार, सगळं आबांनी त्या वयात खाल्लं. गुरख्यांकडे काय मिळायचं, ते सांगताना मात्र ते नुसते हसायचे आणि आई उठून आत जायची.

त्या अटॅच शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो नोकरीत. १९७९ साली मी अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, जवानांच्या पगाराचे हिशेब ठेवणाऱ्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि २०१६ ला निवृत्त झाले. सदतीस वर्षं मी फौज पाहिली ती कागदावर. लोकांना फौज म्हटलं की रणगाडे आणि संचलन दिसतं, मला ‘पीई’ दिसते. पीई म्हणजे पीस एस्टॅब्लिशमेंट. पलटणीत जवान किती, क्लार्क किती, स्वयंपाकी, न्हावी, धोबी किती, ट्रक किती, हे सगळं लिहिलेला तक्ता. युद्धकाळासाठी तसाच दुसरा, त्याला ‘डब्ल्यूई’ म्हणतात. फौज बदलते म्हणजे आधी हा तक्ता बदलतो. एक ओळ इकडची तिकडे होते आणि हजार घरांत पत्रं जातात की पत्ता बदलला.

आबांच्या विकर्सची ओळ अशीच दोनदा हलली.

आधी गन समजून घ्या. विकर्स ही पाण्यानं थंड होणारी मशीनगन. नळीभोवती पत्र्याचं जाड आवरण, त्यात सुमारे चार लिटर पाणी. गोळीबार सुरू झाला की पाणी उकळायचं, वाफ रबरी नळीतून एका डब्यात जायची आणि तिथं तिचं परत पाणी व्हायचं. वाफ उघड्यावर सोडली तर शत्रूला जागा कळते, म्हणून ही तजवीज. नुसती गन पंधरा किलोच्या आसपास, तिवई बावीस-तेवीस किलो, शिवाय पाणी, शिवाय कापडी पट्ट्यात ओवलेल्या अडीचशे गोळ्यांच्या पेट्या. आबा बरीच वर्षं ‘नंबर दोन’ होते. म्हणजे गोळ्यांचा पट्टा हातावर धरून गनला भरवणारा. पट्टा जरा तिरका गेला की गन अडकते. म्हातारपणीही ते पंचाचं एक टोक असं सरळ, ताणून धरायचे की मला हसू यायचं.

ही गन समोर दिसेल त्यावर झाडायची, एवढंच तिचं काम नव्हतं. कोन मोजून, हिशेब करून, आपल्याच शिपायांच्या डोक्यावरून पलीकडच्या उतारावर गोळ्यांचा पाऊस पाडता यायचा. त्याला शिकलेली माणसं लागत. गन थोड्या, माणसं त्याहून थोडी. मग त्या प्रत्येक पलटणीला एक-दोन वाटून टाकायच्या की एकाच हातात ठेवून, जिथं गरज तिथं पाठवायच्या? इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, पलटणींकडून विकर्स काढून घेतल्या आणि स्वतंत्र मशीनगन कोअर उभी केली. युद्ध संपल्यावर १९२२ मध्ये तीच कोअर मोडली. आपल्याकडे १९४६ मध्ये तोच प्रश्न आला आणि उत्तर निघालं: महार रेजिमेंट मशीनगनची करा.

ती रेजिमेंट तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. मुंबईच्या जुन्या पलटणींत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘लढवय्या जातीं’चं खूळ इंग्रजांच्या डोक्यात शिरलं आणि महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागल्यावर १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसं कमी पडली. १९४१ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला पहिली महार पलटण उभी राहिली. शौर्य तेच, माणसं तीच. तक्त्यात जागा निघाली की ती लढवय्यी ठरायची आणि जागा गेली की नाही. माझ्या हिशेबी डोक्याला यात तत्त्वज्ञान काही दिसत नाही, गरज तेवढी दिसते.

गन गेली ती १९६२ च्या चीनयुद्धानंतर. नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, आणि लडाखमध्ये महार मशीनगनर होते, नेहमीसारखेच विखुरलेले, दुसऱ्यांच्या पलटणींना जोडलेले. आबा नेफात होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, “आमच्या दोन गन ज्या कंपनीकडे होत्या, तिचा साहेब आम्हाला आदल्या दिवशी पहिल्यांदा भेटला. त्याला आमची नावं ठाऊक नव्हती.” मैदानात हे चालून जातं. ब्रिगेडचा साहेब जीपमधून फिरतो, टेलिफोन असतो, एका कंपनीकडची गन दुसरीकडे नेता येते. डोंगरात एका कड्यावरून समोरच्या कड्यावर जायला दिवस मोडतो. तिथं गन ज्याच्याजवळ आहे त्याचीच ती असते, कागदावर कुणाचीही असो. मग ती पहिल्यापासून त्याचीच का असू नये?

त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, एवढं आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. तो धावून जाऊन बसला कुठं, तर तक्त्यांच्या ढिगात. सव्वाआठ लाखांची फौज, पंचवीस डिव्हिजन, त्यांतल्या दहा डोंगरी, असा आराखडा ठरला. डोंगरी डिव्हिजन म्हणजे मैदानातलीच डिव्हिजन उंचावर नेऊन ठेवली असं नाही. वाहनं कमी, खेचरं जास्त, तोफा सुट्या करून वाहून नेता येतील अशा. या सगळ्या उलथापालथीत १९६३ साली महार रेजिमेंटचं मशीनगनपण काढून घेतलं आणि ती साधी इन्फंट्री झाली. मशीनगन आता पलटणींच्या पोटात गेल्या.

आबा तेव्हा एकतीस वर्षांचे, हवालदार. तेरा वर्षं ज्या कामात हात बसला होता ते काम एका सकाळच्या फॉलइनमध्ये संपलं. उद्यापासून रायफल, संगीन, गस्त. विशीतल्या पोरांबरोबर. त्यांनी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. “आपल्या पलटणीचं स्वतःचं लंगर झालं की,” एवढंच म्हणत. पण निवृत्तीनंतर गावी आल्यावर चहाचं आधण उकळू लागलं की आई म्हणायची, “बघा, तुमची गन तापली.” आणि आबा खरंच वळून बघायचे.

मी नोकरीला लागले त्याच वर्षी, २ एप्रिल १९७९ ला, नगरमध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली. १९६५ मध्ये सियालकोटच्या बाजूला एक अडचण उघडी पडली होती. रणगाडे पुढे जात, ट्रकमधलं आणि पायी चालणारं पायदळ मागे राही, आणि पायदळाविना रणगाडा म्हणजे आंधळा हत्ती. तेव्हा पायदळालाही साखळीची चाकं असलेली, चिलखती गाडी हवी. रशियाच्या बीएमपी आल्या. तिघं गाडी आणि तोफ सांभाळणारे, मागे आठ जण लढणारे, आणि ही गाडी नदीत उतरली तर तरतेसुद्धा. सुरुवातीला चिलखती गाड्या मिळालेल्या पलटणी आपापल्या जुन्या रेजिमेंटमध्येच राहिल्या. सिखांची एक, डोग्रांची एक, असं. मग तोच जुना प्रश्न: ही दुर्मीळ वस्तू वाटायची की एका हातात ठेवायची?

१९७५ मध्ये लेफ्टनंट जनरल के. व्ही. कृष्ण राव यांच्या अध्यक्षतेखाली एक तज्ज्ञ समिती नेमली होती. २००० सालापर्यंतची फौज कशी असावी याचा विचार तिनं करायचा होता. सदस्यांत होते मेजर जनरल के. सुंदरजी. फौजेला चाकांवर चढवण्याचा मोठा रेटा या मंडळींचा. दोघंही पुढे सेनाप्रमुख झाले आणि दोघंही मूळचे महार रेजिमेंटचे अधिकारी. आबांना याचा केवढा अभिमान! ज्या रेजिमेंटनं सतरा वर्षांत दोनदा कात टाकली, तिथल्या माणसांना बदलाची भीती कमी वाटत असावी, असा माझा अंदाज. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे पहिले कर्नल सुंदरजीच झाले.

या नव्या रेजिमेंटसाठी जुन्या रेजिमेंटांतल्या पलटणी उचलल्या, आणि त्यांत कित्येक त्या-त्या घरच्या थोरल्या होत्या. पहिली मद्रास. पहिली गढवाल. आठव्या गुरख्यांची पहिली, जिच्या मेजर धनसिंग थापांना १९६२ मध्ये लडाखला परमवीरचक्र मिळालं. आणि पहिली सिख. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरच्या विमानतळावर सर्वांत आधी उतरली ती हीच पलटण. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्याच लढाईत पडले. अशी पलटण एका आदेशानं ‘४ मेक’ झाली. शिवाय नव्या रेजिमेंटमध्ये जातीप्रांताच्या कंपन्या नाहीत, सगळे मिसळून.

माझ्या टेबलावर ही गोष्ट आली ती आयआरएलएच्या गठ्ठ्यांतून. आयआरएलए म्हणजे प्रत्येक जवानाचं चालू खातं. इथलं तिथं वळतं करताना नाव, नंबर, पलटण तपासायची. एक उंचेपुरे सुभेदार साहेब स्वतःच आले होते, कुठलासा भत्ता अडकला होता म्हणून. फॉर्मवर पलटणीच्या रकान्यात त्यांनी नवं नाव लिहिलं, पेन थांबवलं, आणि पुढे कंसात जुनं. मी नवीन होते, नियमावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, रकान्यात एकच नाव चालतं.” ते म्हणाले, “बेटी, खाना छोटा है.” आमच्या हेडक्लार्कनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि न बोलता शिक्का मारला. आजही त्या पलटणीचा उल्लेख करताना लोक ४ मेक म्हणून पुढे १ सिख जोडतात. माझ्या मते त्या कंसातच शहाणपण होतं. गाडी बदलली, हत्यार बदललं, शेजारी बसणारा माणूस बदलला, पण कंस राहू दिला. फौजेत ‘नाम, नमक, निशान’ म्हणतात, त्यातलं नाम एका फटक्यात पुसलं असतं तर त्या बीएमपी चालवायला मनापासून कोण बसलं असतं?

बदल म्हणजे प्रत्येक वेळी नवी रेजिमेंटच असं नाही. १९९० मध्ये दहशतवादाशी लढण्यासाठी राष्ट्रीय रायफल्स काढल्या, तेव्हा तिसरीच तऱ्हा काढली. माणसं सगळीकडून उसनी आणायची, दोन-तीन वर्षांनी परत पाठवायची, आणि पलटणीचा कणा कुठल्या तरी जुन्या रेजिमेंटचा ठेवायचा. १ आरआर महारांची आहे. सहा पलटणींनी सुरू झालेली ही फौज आज साठांवर पलटणींची आहे.

आणि काही ओळी नुसत्या खोडल्या जातात. लेफ्टनंट जनरल शेकटकर या मराठी अधिकाऱ्याच्या समितीनं फौजेतली चरबी कुठं कमी करता येईल ते सांगितलं, आणि २०१७ मध्ये सरकारनं सुमारे सत्तावन्न हजार पदं इकडची तिकडे करायला मान्यता दिली. त्यात लष्करी दुग्धशाळा गेल्या. पहिली १८८९ मध्ये अलाहाबादला निघाली होती, गोऱ्या शिपायांना चांगलं दूध मिळावं म्हणून. शेवटी एकोणचाळीस उरल्या होत्या, त्या ३१ मार्च २०२१ ला बंद झाल्या. नोकरीत दुधाच्या बिलांनी माझा जीव खाल्ला आहे, तरी बातमी वाचून वाईट वाटलं. दूध आता बाहेर सगळीकडे मिळतं, तेव्हा निर्णय बरोबरच. एकशे बत्तीस वर्षं लागली, एवढंच.

उशिराचं याहून मोठं उदाहरण वरच्या मजल्यावरचं. १९९९ च्या कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती बसली. तिच्या अहवालावरून २००१ मध्ये मंत्रिगटानं सांगितलं की तिन्ही दलांचा मिळून एक प्रमुख हवा. अंदमानला तिन्ही दलांची मिळून एक कमांड त्याच वर्षी झाली. प्रमुख मात्र, म्हणजे चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, यायला १ जानेवारी २०२० उजाडलं. जनरल बिपिन रावत पहिले. त्यांच्याकडे दिलेल्या कामांत मोठं काम होतं थिएटर कमांडचं. आज भूदल, नौदल, हवाईदल मिळून सतरा एकदलीय कमांड आहेत. प्रत्येकीचं मुख्यालय वेगळं, हद्द वेगळी. त्याऐवजी एका सीमेवरचं भूदल, विमानं, सगळं एका कमांडरच्या हाताखाली द्यायचं, अशी कल्पना.

हवाईदलानं यावर शंका काढल्या, तेव्हा टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले, हा अहंकार. मला तर आबांची टेकडी आठवली. हवाईदलाला मंजूर स्क्वाड्रन बेचाळीस आणि प्रत्यक्षात बऱ्याच कमी. थोडी विमानं तीन थिएटर कमांडरांत कायमची वाटून टाकली, आणि युद्ध एकाच बाजूला पेटलं, तर उरलेली दुसऱ्याच्या तक्त्यात अडकून राहतील, असं त्यांचं म्हणणं. १९४६ मध्ये विकर्सबद्दलही हेच म्हटलं गेलं होतं आणि तेव्हा ते खरं होतं. उलट बाजूनं भूदलाचं म्हणणं १९६२ चं आहे: ज्याच्याजवळ गन, त्याला गनवाल्याचं नावही ठाऊक नाही, हे चालणार नाही. मला विचाराल तर थिएटर कमांड व्हायला हव्यात, पण विमानं वाढवण्याच्या आधी ती वाटून टाकली तर नेफातली चूक उलटीकडून होईल. कारकुनाचं मत म्हणून सोडून द्या हवं तर.

ड्रोनच्या बाबतीत मात्र निकाल लागल्यासारखा आहे. २६ जुलै २०२५ ला कारगिल विजय दिनी द्रासला सेनाप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी जाहीर केलं की इन्फंट्रीच्या पलटणींत ड्रोनची प्लाटून असेल. शिवाय सगळी शस्त्रं एकत्र असलेल्या ‘रुद्र’ ब्रिगेड आणि छोट्या, चपळ ‘भैरव’ पलटणी. इन्फंट्रीच्या या ड्रोनसाठी वेगळी रेजिमेंट काढली नाही, ते थेट पलटणीच्या पोटात गेले. कारण उघड आहे. ड्रोन स्वस्त आहे, भरपूर आहे, आणि डोंगराच्या पलीकडे काय आहे हे कंपनीच्या साहेबाला आत्ता हवं असतं.

अडचण चालवणाऱ्याची आहे. विकर्सचा नंबर दोन तयार व्हायला, आबांच्या म्हणण्याप्रमाणे, एक हिवाळा लागायचा आणि भरवशाचा व्हायला तीन. २०२२ पासून शिपाई भरती होतो अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी. चारांत जास्तीत जास्त एक पुढे कायम करायचा, असा नियम. माझ्या भाच्याचा मुलगा गेल्या वर्षी भरतीला गेला. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावला की पूर्ण गुण, म्हणून पहाटे चारपासून धावायचा. सागरच्या महार रेजिमेंट सेंटरला जायचं त्याच्या मनात होतं. आबांचा बिल्ला त्याला दाखवला. त्यावर तिवईवर ठेवलेल्या, एकमेकींवर तिरक्या दोन विकर्स आणि मध्ये खंजीर. तो म्हणाला, “आजी, ह्या बंदुकीला पाणी कशाला लागायचं?” मी त्याला सगळं सांगितलं, अगदी वाफेच्या डब्यापर्यंत. त्याचं लक्ष निम्मं मोबाइलवर, पण शेवटी त्यानं एक प्रश्न विचारला तो बरोबर होता: “मग पणजोबांना दुसरं काम शिकायला किती दिवस दिले?” ते मला सांगता आलं नाही. आबांच्या कागदांत १९६३ च्या त्या बदलाची एकच ओळ आहे, तारखेशिवाय तीत काही नाही.

तुमच्या घरातून कुणी अग्निवीर निघाला असेल तर त्याला रेजिमेंट कुठली मिळाली हे विचाराच, पण त्याच्या आधी ट्रेड कुठला मिळाला ते विचारा, आणि तो शिकवायला किती महिने देणार आहेत तेही.